वाइनचे ओक-पिंपातील पक्वन

वाइनचे ओक-पिंपातील पक्वन : किण्वन पूर्ण झालेली वाइन ओकच्या लाकडी पिंपात काही महिने वा काही वर्षे मुरविण्याची प्रक्रिया. पिंप हे मुळात वाहतुकीचे साधन. चवीतील बदल हा त्याचा आनुषंगिक परिणाम होता. तोच पुढे मुख्य हेतू झाला.

आल्प्सलगतच्या प्रदेशात वाइन कड्यांनी आवळलेल्या लाकडी भांड्यांत ठेवीत, असे थोरल्या प्लिनीने (इ. स. २३–७९) नमूद केले आहे. रोममधील ट्रेजनच्या स्तंभावर (११३) नावांत भरलेली पिंपे कोरलेली आहेत. मातीच्या अँफोरांपेक्षा पिंप टिकाऊ व गडगडत नेण्याजोगे. ऱ्हाईनकाठी सापडलेली रोमन काळातील अनेक पिंपे मात्र फरच्या लाकडाची आहेत. ओकचे वर्चस्व नंतरचे.

ओकमधून टॅनिने वाइनमध्ये उतरतात. पिंप घडविताना फळ्या आतून विस्तवावर भाजतात. त्यामुळे लिग्निनाच्या विघटनातून व्हॅनिलीन तयार होते आणि धुरकट गंधाची संयुगेही निर्माण होतात. लाकडातून अल्पसा ऑक्सिजन आत शिरतो. त्याच्या योगे टॅनिने व द्राक्षातील रंगद्रव्ये संयोग पावून रंग स्थिर होतो व तुरटपणा सौम्य होतो. बाष्पीभवनाने आलेली तूट वेळोवेळी भरून काढावी लागते. पिंप जुने होत जाते तसा लाकडाचा गंध क्षीण होतो.

स्पेनमधील रिओहाचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मान्वेल किंतानो या धर्मगुरूने तेथे बॉर्दोची पद्धत आणली. परंतु चांगल्यावाईट वाइनला एकच दर असल्याने पिंपांचा खर्च भरून निघेना व प्रयोग खुंटला. तो रसायनामुळे नव्हे, दरपत्रकामुळे फसला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. लुसिआनो दे मुर्रिएता याने १८५२ मध्ये ती पद्धत पुन्हा अवलंबिली. पुढे फायलोक्सेरा या किडीने फ्रान्समधील द्राक्षमळे उद्‌ध्वस्त केल्यावर बॉर्दोचे व्यापारी रिओहात आले व २२५ लिटरचे पिंप तेथे रूढ झाले. लाकूड मात्र बव्हंशी अमेरिकन ओकचे वापरले गेले. त्यात नारळासारखा गंध देणारी लॅक्टोने अधिक व टॅनिने फ्रेंच ओकपेक्षा कमी असतात. जुन्या धाटणीच्या रिओहाची ओळख त्यावरूनच पटते. ‘ग्रान रेसेर्वा’ या वर्गातील तांबड्या वाइनला आज किमान पाच वर्षांचे पक्वन आवश्यक असून त्यांपैकी दोन वर्षे पिंपातील असावी लागतात.

यूरोपीय संघाने २००६ मध्ये वाइनमध्ये ओकच्या ढलप्या टाकण्यास मुभा दिली. ढलप्यांनी गंध येतो, खर्चही वाचतो. पिंपाच्या लाकडातून होणारे मंद ऑक्सिडीकरण मात्र त्यांनी साधत नाही.