पट्टा आणि परसबाग

इतिहासाच्या दप्तरांत ज्वारी आहे, कापूस आहे, तेलबिया आहेत. भाजी मात्र नाही. याचे कारण शोधण्यास फार दूर जावयास नको. सारा शेतावर ठरे, धान्य खळ्यावर येई, आणि खळ्यापर्यंत कारकून व सावकार दोघेही पोहोचत. अंबाडीची जुडी किंवा दोडक्याची टोपली या दोघांपैकी कोणाचीच वाट पाहत थांबत नाही. सकाळी खुडली ती दुपारी शिजली. जे शिजून संपले त्याची नोंद ठेवणार कोण? म्हणून एखाद्या नवरा-बायकोने घरामागच्या चार वाफ्यांत पहिल्या वर्षी काय लावले, हा प्रश्न आमच्या इतिहासलेखकांना सहसा पडत नाही. आमच्या मते तो पडावयास हवा, आणि इस्लापूरच्या बाजूचा मुलूख हा तो विचारण्याजोगा मुलूख आहे.

इस्लापूर हे आज नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील गाव. पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा जवळ असल्यामुळे पावसाळ्यात तिकडे लोकांची वर्दळ असते, आणि बहुतेकांची त्या भागाशी ओळख तेवढ्यावरच आटोपते. परंतु १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हे गाव नांदेडचे नव्हते. ते हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात, बोथ तालुक्यात मोडे. राज्यपुनर्रचनेच्या कायद्याने किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यास जोडले, आणि बोथ तालुक्यातून केवळ ‘इस्लापूर सर्कल’ तेवढे काढून इकडे दिले. त्यामुळे इस्लापूरच्या शेतीचा त्यापूर्वीचा इतिहास शोधावयाचा तर मराठवाड्याच्या काळ्या सपाटीवर शोधून भागत नाही. तो आदिलाबादच्या सागवानी डोंगरांत, गोंड, कोलाम, आंध यांच्या वस्त्यांत शोधावा लागतो.

हा भेद भाजीच्या बाबतीत तर फारच स्पष्ट आहे. सपाटीवर भाजी ही माळ्याची. त्याची विहीर, त्याची मोट, त्याचे पाट. कुणब्याने ज्वारी पिकवावी आणि बाजाराच्या दिवशी माळ्याकडून वांगी घ्यावीत, अशी कामाची वाटणी पिढ्यान् पिढ्या चालत आली. डोंगरातील वस्तीला माळी नाही आणि मोटही नाही. तेथे प्रत्येक जोडपे आपले आपणच माळी. पावसाच्या पाण्यावर, घराला लागून, काटेरी कुंपणाच्या आत जे होईल ते.

आपल्या भाषेत जमिनीचे दोन जुने विभाग आहेत : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसण्याची जमीन, पांढरी म्हणजे गाव वसण्याची. सारा काळीवर. सरकारच्या मोजणीची साखळी काळीवरून फिरे. पांढरीत काय उगवते याच्याशी तिला कर्तव्य नसे. आता गंमत अशी की, उत्तम भाजी काळीत होत नाही, पांढरीत होते. चुलीची राख, गोठ्याचे शेण, उष्टे-खरकटे, पडक्या भिंतींची माती हे सर्व वर्षानुवर्षे एका जागी मुरून पांढरीची माती अशी कसदार होते, की ओसाड पडलेल्या गावठाणाची माती गाड्या भरभरून शेतात नेऊन टाकण्याची वहिवाट दख्खनेत सर्वत्र होती. ही माती निसर्ग देत नाही. ती माणसे एका जागी टिकून राहिल्याने तयार होते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढच्या सर्व हकिकतीचा भार तिच्यावर आहे.

वाटून दिलेल्या जमिनीवर भाजी लावणे म्हटले की इंग्रजी वाचलेल्या मनुष्यास तेथील ‘अलॉटमेंट’ आठवते. तिची प्रमाण मानलेली मोजणी दहा ‘रॉड’, म्हणजे आपल्या हिशेबाने बरोबर अडीच गुंठे. तिची कथा दिसते तितकी गोजिरवाणी नाही. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत तेथील सार्वजनिक कुरणे कायद्यामागून कायदे करून खाजगी कुंपणांत गेली. गावच्या गरिबाची गाय चरावयाची ती जागा नाहीशी झाली. १८३० साली दक्षिण इंग्लंडातील मजुरांनी दंगे केले, मळणीयंत्रे फोडली. त्यानंतर मजुराला भाजीपुरता तुकडा भाड्याने द्यावा, म्हणजे तो शांत राहील, या विचाराने जोर धरला. १८८७ आणि १९०८ च्या कायद्यांनी स्थानिक संस्थांवर ती जबाबदारी टाकली. दुसऱ्या महायुद्धात असे तुकडे सुमारे १४ लाखांवर गेले आणि लंडनच्या हाइड पार्कातही भाजी लागली. चित्रे पाहावीत तर हसरे जोडपे, फावडे आणि कोबीचे गड्डे. पण मूळ व्यवहार काय? आधी सर्वांचे ते घेतले, मग त्यातला अडीच गुंठ्यांचा तुकडा उपकार म्हणून परत केला.

आदिलाबादेत हाच व्यवहार निराळ्या वेषात झाला. निजामाच्या सरकारने जंगल राखीव करण्यास आरंभ केला, सीमेचे दगड बसले, आणि ज्या जमिनी गोंडांनी आलटून पालटून पडीक ठेवून कसल्या होत्या त्या पडीक दिसल्या म्हणून जंगलात धरल्या गेल्या. विश्रांती घेणारे शेत आणि बेवारशी शेत यांतील फरक कारकुनास कळला नाही, किंवा कळून घेण्यात त्याचा लाभ नव्हता. जी जमीन उरली तिच्यावर ‘शिवाय जमाबंदी’ नावाची वहिवाट. सरकारी जमीन पट्ट्यावाचून कसावी, सारा भरावा, पण हक्क लागू नये. बाहेरून आलेले व कागद जाणणारे लोक पट्टे करून घेत. गोंड सारा भरत राही आणि एके दिवशी आपल्याच शेतात मजूर ठरे.

१९४० साली कुमरम भीमू याने याविरुद्ध शस्त्र उचलले आणि जोडेघाटच्या डोंगरात तो पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. पुढील वर्षी व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ आणि त्यांच्या पत्नी बेट्टी यांनी त्याच जिल्ह्यात, इस्लापूरच्या बरेच पूर्वेस असलेल्या मारलवाई या गोंडांच्या गावी मुक्काम केला. ऑस्ट्रिया जर्मनीने गिळलेली असल्यामुळे हायमेनडॉर्फ यांच्याजवळ जर्मन पासपोर्ट होता, महायुद्ध सुरू झाले होते, आणि त्यांना हैदराबाद राज्याबाहेर मोकळेपणी हिंडण्याची सोय नव्हती. एका विद्वानाची ही अडचण गोंडांच्या पथ्यावर पडली असे म्हणावयास हरकत नाही. त्यांच्या अहवालांनी सरकारपुढे जमिनीचा प्रश्न उघड मांडला. महसूल खात्याचे मंत्री विल्फ्रिड ग्रिगसन हे स्वतः बस्तरच्या माडिया गोंडांवर ग्रंथ लिहिलेले गृहस्थ होते, त्यामुळे तो अहवाल वाचणारा माणूसही योग्य मिळाला. मारलवाईस १९४३ मध्ये गोंड शिक्षकांच्या शिक्षणाचे केंद्र निघाले आणि गोंडीची पुस्तके नागरी लिपीत तयार झाली. याच कामाच्या परिसरात आपल्या निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी हेही होते. मराठी वाचक त्यांना शिवकालाचे इतिहासकार म्हणून ओळखतात. परंतु हैदराबादच्या मुलकी सेवेतील या अधिकाऱ्याने आदिलाबादच्या गोंडांवर १९४९ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि गोंडी व कोलामी या भाषांची व्याकरणेही रचली, हे फारसे कोणास आठवत नाही.

या खटपटीचे फळ म्हणून सुमारे ११,००० आदिवासी कुटुंबांस सुमारे १,६०,००० एकर जमीन पट्ट्याने मिळाली. म्हणजे कुटुंबामागे सरासरी १४ एकरांच्या आतबाहेर. आकडा मोठा आहे आणि त्याचे श्रेय ज्याचे त्यास द्यावयास हवे. तरी तो आकडा काळीचा आहे.

आता असे एक जोडपे डोळ्यांपुढे आणावे. पुढील चित्र आम्ही कोणा एका नावाच्या कुटुंबावरून काढलेले नाही. त्या मुलखाची शेतीची रीत आणि ऋतुमान यांवरून ते जुळविले आहे. पट्टा उन्हाळ्यात हाती आला. जुने गाव जंगलाच्या रेषेत गेलेले, म्हणून नवी जागा. बांबूच्या कुडाला माती लिंपून घर उभे केले, वर गवत शाकारले. मृग आठ दिवसांवर आला. नवऱ्याचे लक्ष शेताकडे : बैल, पाभर, बी. नांगराला बाईने हात लावावयाचा नाही अशी रीत. तेव्हा घरामागचा तुकडा बायकोचा, आणि त्याचे हत्यार कुदळ.

पहिल्या वर्षीची पहिली अडचण येथेच. जुन्या गावी परसात बोट रुतवावे अशी माती होती. सासूने, तिच्या सासूने राख टाकून टाकून केलेली. येथे मुरमाड भूमी आणि तीवर पाल्यापाचोळ्याचा बोटभर थर. जंगलाच्या मोबदल्यात जमीन मिळाली, पण पांढरी काही कोणी गाडीत घालून आणून दिली नाही, आणि त्याबद्दल अर्ज करावा असे एकही कलम नव्हते. मग शहाणी बाई काय करते? सगळीकडे बी पसरत नाही. नव्या उकिरड्याच्या कडेला लाल भोपळा आणि दुधी टोचते, वेल छपरावर चढविते. गोठ्याच्या तोंडाशी, जेथे गोमूत्र झिरपते, तेथे मका दाट लावते. कुंपणालगत वाल आणि चवळी, म्हणजे काठीचा खर्च नाही. अंबाडी कोठेही येते. मिरचीचे रोप राखेच्या लहानशा वाफ्यात टाकून आषाढात उपटून लावते. पावसाची उघडीप मिळाली की खुरपणे, आणि खुरपलेल्या तणातून तरोटा व कुर्डू वेगळे काढून संध्याकाळच्या भाजीस घेणे. म्हणजे बागेने अजून काही दिले नाही तोवर तणच घर चालविते.

श्रावण-भाद्रपद हे त्या मुलखाचे कठीण दिवस. मागील ज्वारी संपलेली, नवी अजून गुडघाभर. सावकाराच्या वहीतील पुष्कळशी कर्जे याच दोन महिन्यांत जन्मास येतात. दीडपट धान्याच्या बोलीने उचल करावयाची आणि खळ्यावर ती फेडताना पुन्हा रिकामे व्हावयाचे. या दिवसांत परसातला मका कणसांवर येतो. शेतातल्या पिकाच्या कितीतरी आधी घरात येणारे हे पहिले अन्न. पोळ्याच्या सुमारास छपरावर भोपळा दिसू लागतो, दोडके लोंबू लागतात. नवे ते देवाला दिल्यावाचून खावयाचे नाही हा गोंडांचा नेम आहे, आणि हा नेम भाजीलाही लागू आहे. पहिल्या हंगामात कणसे थोडी, त्यांतली काही पोपटांनी नेली, काही साळिंदराने. तथापि जितके दिवस ती पुरली तितके दिवस सावकाराची पायरी चुकली. चौदा एकरांच्या पट्ट्याने कुटुंबाला शेतकरी केले, हे खरे. परंतु त्या पट्ट्याचे पहिले पीक सावकाराकडे जाणार की घरी राहणार, हे पुष्कळ अंशी त्या दोन-अडीच गुंठ्यांवर ठरत होते.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. या लोकांना ‘आदिम’, ‘काळाच्या आरंभापासून न बदललेले’ असे म्हणण्याची सुशिक्षितांना मोठी हौस. परंतु या परसात मका, मिरची, लाल भोपळा आणि मका निघाल्यावर त्याच जागी लागणारी तंबाखू ही चारही अमेरिकेची; कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीपूर्वी ती या देशात कोणी पाहिली नव्हती. चवळी आफ्रिकेची. वांगे तेवढे घरचे. ज्या बाईला आम्ही न बदलणारी म्हणतो, तिच्या पणजी-खापरपणजींनी अर्ध्या पृथ्वीवरचे बी पारखून त्यातले आपल्या मुरमात टिकणारे तेवढे ठेवले. कोणत्याही शेतकी खात्याने हे त्यांना शिकविलेले नाही.

आश्विनात मिरची लाल होते. दुधी पोखरून, वाळवून पाण्याचे तुंबे होतात. बियाण्याची कणसे चुलीवर धुरात टांगली जातात, म्हणजे किडा लागत नाही. आणि त्या वर्षीची सगळी राख व सगळे शेण परसातच पडते. पांढरी तयार होण्यास आरंभ झाला. ती पुरी होण्यास एका पिढीचा काळ हवा, आणि येथेच पट्ट्याची खरी कसोटी आहे. उद्या उठावे लागेल अशी भीती असलेला मनुष्य ज्वारी पेरतो, कारण ती चार-पाच महिन्यांत हाती येते. तो शेवगा लावीत नाही. एखाद्या वस्तीला आपल्या हक्काची किती खात्री वाटते हे जाणावयाचे असेल तर तिचे दप्तर पाहण्यापेक्षा तिची परसे पाहावीत, असे आम्हांस वाटते.

पुढची हकिकत थोडक्यात. १३५६ फसलीत निजाम सरकारने आदिवासी मुलखासाठी स्वतंत्र कायदा केला. १९४८ मध्ये ते सरकारच गेले. १९५६ मध्ये इस्लापूर इकडे आले आणि मारलवाई तिकडे राहिली. हायमेनडॉर्फ पती-पत्नींच्या समाध्या आज तेथे, तेलंगणात आहेत. उर्दू दप्तराच्या जागी इकडे मराठी दप्तर आले. पट्ट्याने दिलेली पुष्कळ जमीन पुन्हा बिगर-आदिवासींच्या हाती जाऊ लागली, तेव्हा महाराष्ट्रात ती परत करण्यासाठी १९७४ चा कायदा करावा लागला. त्यातही हिशेब होता तो काळीचाच.

२००६ च्या वनहक्क कायद्यात मात्र दोन गोष्टी नव्या आहेत. वनजमिनीवर कसण्याचा हक्क आणि राहण्याचा हक्क यांचा उच्चार त्यात एकत्र आहे, आणि विवाहितांच्या बाबतीत हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदावा असे स्पष्ट म्हटले आहे. त्याखालील नियमांनी मान्य केलेल्या पुराव्यांत घरे, झोपड्या, जमिनीवर केलेल्या कायमच्या सुधारणा, विहिरी, दफनभूमी, देवस्थाने आणि वृद्ध माणसांची साक्ष यांचा समावेश आहे.