थायलंडच्या सफरीत स्वस्त आणि हलाल जेवण कसे शोधावे?

सुट्टीत बँकॉक, फुकेटला जाणारी आपली कुटुंबे आता वाढली आहेत. तिथे रस्त्याकडेच्या साध्या हॉटेलात साधारण 50 ते 100 बाटमध्ये एक प्लेट मिळते, म्हणजे जेवण खिशाला परवडते. प्रश्न असतो तो हलालचा. थायलंड बौद्धबहुल देश आहे आणि तिथल्या रोजच्या स्वयंपाकात डुकराचे मांस खूप वापरले जाते. पण मुसलमानही तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. पट्टानी, याला, नराथिवात हे दक्षिणेकडचे प्रांत तर मुस्लिमबहुल आहेत.

हलाल हॉटेल कसे ओळखावे?

थायलंडच्या केंद्रीय इस्लामिक परिषदेचे हलाल चिन्ह चौकटच्या पत्त्यासारख्या आकाराचे असते आणि त्यात अरबी अक्षरांत ‘हलाल’ लिहिलेले असते. दुकानातल्या बंद पाकिटांवरही तेच चिन्ह पाहा. लहान गाड्यांवर चिन्ह नसले तरी चाँद-तारा, बिस्मिल्लाहची पाटी किंवा हिजाब घातलेली मालकीण दिसते. अशा ठिकाणी विचारून खात्री करावी.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे आधी मस्जिद शोधा. नमाजही होते आणि आसपास जेवणही मिळते. बँकॉकमध्ये फेचबुरी रोडवरच्या गल्ली नंबर 7 मधली दारुल अमान मस्जिद, चारोएन क्रुंग भागातली हारून मस्जिद आणि सुखुमवित गल्ली नंबर 3 चा अरब भाग यासाठी सोयीचे आहेत. चियांग माईत बान हॉ मस्जिदीजवळ युन्नानी मुसलमानांची वस्ती असून शुक्रवारी सकाळी तिथे बाजार भरतो.

हे शब्द पाठ करा

‘मू’ म्हणजे डुक्कर. ‘काय’ म्हणजे कोंबडी (आपल्याला हसू येते, पण शब्द लगेच लक्षात राहतो). ‘प्ला’ म्हणजे मासा, ‘कुंग’ म्हणजे कोळंबी. ‘माय किन मू’ म्हणजे डुक्कर खात नाही. ‘आहान हलाल’ म्हणजे हलाल जेवण. ‘माय फेत’ म्हणजे तिखट नको. मुले सोबत असतील तर हा शेवटचा शब्द फार कामाचा!

फक्त ‘मू नको’ म्हणून भागत नाही

हे मी अनुभवाने सांगतो. एका साध्या हॉटेलात ‘माय किन मू’ सांगून आम्ही अंडे घातलेला भात मागवला. भातासोबत सूपची वाटी फुकट आली. धाकट्याने चमचा उचलला तेवढ्यात विचारले, तर ते सूप डुकराच्या हाडांचे निघाले! मालकीणबाईंची काही चूक नव्हती. त्यांच्या हिशोबाने भातात मांस नव्हतेच.

म्हणून सूप, तळणाची चरबी आणि एकाच कढईचा वापर, तिन्ही गोष्टी विचारा. आणि कोंबडी असली म्हणजे ती जबीहा असतेच असे नाही. लाल अक्षरांचा पिवळा झेंडा असलेल्या ‘चे’ दुकानात मांस, मासे, अंडी काहीच नसते. हलाल हॉटेल सापडले नाही तर ही सोय बरी.

काय खावे?

‘खाव मोक काय’ ही थायी मुसलमानांची चिकन बिर्याणी, हळदीच्या रंगाची. ‘मस्समान’ रश्श्यात बटाटा, शेंगदाणे आणि दालचिनी-वेलचीसारखे गरम मसाले असतात. हे नाव ‘मुसलमान’ या शब्दावरूनच आले असे मानतात. ‘मताबा’ म्हणजे भरलेला रोटीचा प्रकार. चियांग माईची ‘खाव सोय’ म्हणजे नारळाच्या रश्श्यातल्या शेवया.

‘नाम प्ला’ हे मासे आणि मीठ मुरवून केलेले पाणी जवळजवळ प्रत्येक पदार्थात असते. खेकडा, माकूल यांबाबत मसलकाचा फरक ध्यानात ठेवा. कोकणातल्या आपल्या शाफई भावांना माकूल चालते, घाटावरच्या हनफी घरांत दोन्ही चालत नाहीत. शंका असेल तर निघण्यापूर्वी आपल्या आलिमांना विचारून घ्या.

जेवताना

थायी लोक उजव्या हातात चमचा धरतात, डाव्या हातातल्या काट्याने घास पुढे ढकलतात. काड्या बहुतेक शेवयांपुरत्याच. रमजानमध्ये मुस्लिम हॉटेले दिवसा बरीच बंद असतात, त्याचा अंदाज ठेवा.

आणि विचारायला लाजू नका. नम्रपणे विचारले तर तिथले लोक राग मानत नाहीत, उलट गल्लीतले मुस्लिम हॉटेल बोट करून दाखवतात.