तुर्कस्तानचा युद्धप्रवेश आणि निजामी मुलूख (१९१४)

२ ऑगस्टला जर्मनीशी गुप्त करार करूनही जगापुढे तटस्थतेचा बहाणा करणाऱ्या, आणि ‘गेबेन’ या जर्मन युद्धनौकेवरील खलाशांना तुर्की टोप्या चढवून ती आपलीच म्हणून मिरविणाऱ्या उस्मानी सल्तनतीने २९ ऑक्टोबरला काळ्या समुद्रातील रशियन बंदरांवर तोफा डागल्या, तेव्हा चकलांबा हे गाव ज्या बीड जिल्ह्यात मोडते त्या जिल्ह्याचे त्या वेळचे धनी, हैदराबादचे निजाम, यांच्यापुढे खलिफा म्हणविणारा उस्मानी सुलतान की इंग्रज हा पेच उभा राहिला. निजाम मीर उस्मान अली खान यांनी हिंदी मुसलमानांस इंग्रजनिष्ठेचे आवाहन करणारे फर्मान काढले. त्यात धर्मनिर्णयापेक्षा राजकारण अधिक, हे उघडच आहे. हैदराबादचे लान्सर घोडदळ पुढे पॅलेस्टाइनच्या मोहिमेत खलिफाच्याच फौजेविरुद्ध उतरले, आणि १९१८ मध्ये निजामास ‘हिज एक्झॉल्टेड हायनेस’ हा किताब बहाल झाला.