शोधयंत्रे, पर्यायी
आंतरजालावरील पृष्ठांची निर्देशसूची करून इष्ट माहिती शोधून देणाऱ्या संगणकीय प्रणालीस शोधयंत्र म्हणतात. माँट्रिऑलच्या मॅगिल विद्यापीठातील ॲलन एमटेज यांनी १९९० मध्ये तयार केलेली ‘आर्ची’ ही अशी आद्य प्रणाली मानली जाते. ती केवळ संचिकांची नावे शोधीत असे. ‘आल्टाव्हिस्टा’ने (१९९५) पृष्ठांतील संपूर्ण मजकूर सूचिबद्ध केला. पृष्ठाकडे येणाऱ्या दुव्यांवरून त्याचे महत्त्व ठरविणाऱ्या ‘गूगल’ने (१९९८) पुढे वर्चस्व मिळविले. वापरकर्त्याच्या शोधांची नोंद न ठेवणारे ‘डकडकगो’ (२००८) पर्याय म्हणून पुढे आले. तथापि त्याचे बरेचसे निकाल ‘बिंग’कडून येतात. स्वतंत्र निर्देशसूची राखणे अत्यंत खर्चाचे असल्यामुळे खरे पर्याय मोजकेच राहिले. गूगलने शोधसेवेतील मक्तेदारी बेकायदेशीर मार्गांनी टिकविल्याचा निर्णय अमेरिकेच्या संघीय न्यायालयाने २०२४ मध्ये दिला.