अ‍ॅटलस पतंग : तळटीप

ग्रंथकर्त्याने येथे ज्यास केवळ ‘अ‍ॅटलस पतंग’ म्हटले आहे, त्याची नोंद लिनियसने १७५८ मध्ये ‘फॅलीना’ या प्रजातीत केली. परंतु त्या काळी बहुतेक सारे निशाचर पतंग त्या एकाच सदरी दाखल होत असल्याने ती व्यवस्था टिकली नाही, आणि आज हा कीटक सॅटर्निइडी कुलातील ‘अ‍ॅटॅकस’ प्रजातीत गणला जातो. दक्षिण भारत व सिंहलद्वीप येथील पतंग मात्र मूरने वर्णिलेली ‘टॅप्रोबॅनिस’ ही स्वतंत्र जाती होय, असे पायग्लरने १९८९ च्या आपल्या पुनरीक्षणात ग्राह्य धरले आहे. सबब सह्याद्रीतील नमुन्यांस ‘अ‍ॅटलस’ हे नाव सरसकट लावणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. चारही पंखांवर खवलेविरहित, अभ्रकासारखी पारदर्शक अशी त्रिकोणी गवाक्षे असतात. नराच्या शृंगिका रुंद व पिच्छाकार, मादीच्या त्यामानाने अरुंद. प्रौढावस्थेत मुखावयव निरुपयोगी झाल्याने हा जीव काहीएक न खाता, अळी असताना साठविलेल्या मेदावरच आपले थोडके आयुष्य कंठतो. तेव्हा ‘फुलाफुलांतील मध चाखणारा’ हे मुळातील विशेषण ग्रंथकर्त्याच्या कवित्वाच्या खाती जमा करावे.—संपादक