कमी वजनाचे नवजात बालक : धोके आणि निगा

जन्मतः ज्या बालकाचे वजन २,५०० ग्रॅमपेक्षा कमी भरते, त्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार 'कमी वजनाचे बालक' म्हटले जाते. वजन १,५०० ग्रॅमच्या खाली असल्यास बालक अति कमी वजनाचे समजले जाते. २०२० साली जगभरात अशी सुमारे १ कोटी ९८ लक्ष बालके जन्मली. म्हणजे दर सात बालकांमागे एक. त्यांतील बहुसंख्य दक्षिण आशिया व आफ्रिकेतील विकसनशील राष्ट्रांतील होती. भारताच्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) वजनाची नोंद झालेल्या नवजात बालकांपैकी सुमारे १८ टक्के बालके या गटात मोडली.

कारणे

वजन कमी असण्याची मुख्य कारणे दोन. पहिले, ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वीच झालेली प्रसूती. दुसरे, दिवस पूर्ण भरूनही गर्भाची खुंटलेली वाढ. दोहोंच्या मुळाशी बहुधा मातेची स्थिती असते. कोवळ्या वयातील विवाह, दोन बाळंतपणांतील अपुरे अंतर, रक्तक्षय, हिवताप, उच्च रक्तदाब, तंबाखू व मिश्री यांचे सेवन, तसेच शेवटच्या महिन्यांपर्यंत करावे लागणारे कष्टाचे काम यांचा परिणाम गर्भावर होतो. घरात सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेसुरले खाणाऱ्या स्त्रीच्या पोटातील बाळही अर्धपोटी राहते.

धोके

अशा बालकास प्रथम गाठते ती थंडी. त्वचेखाली चरबी अल्प असल्याने शरीराची ऊब झपाट्याने कमी होते. ऊब राखण्यात शक्ती खर्ची पडते, रक्तातील साखर घटते, बाळ मलूल होते व दूध ओढीत नाही. दूध न मिळाल्याने ते आणखी थंड पडते. अशक्त शरीरात जंतुसंसर्ग सहज शिरतो. चौतिसाव्या आठवड्यापूर्वी जन्मलेल्या बालकास चोखणे, गिळणे व श्वास घेणे यांचा मेळ घालता येत नाही. त्याची फुप्फुसेही अपरिपक्व असतात.

हे धोके बालपणाबरोबर संपत नाहीत. पुणे जिल्ह्यातील सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून केलेल्या अभ्यासात तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो आढळले, तर इंग्लंडमधील साउदम्प्टन येथे ते ३.५ किलो होते. आपली बालके हाडकुळी दिसली तरी त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक होते. पुढील आयुष्यातील मधुमेहाचा धोका याच्याशी जोडला जातो.

उपाय

महागड्या यंत्रांवाचून अशी बालके जगू शकत नाहीत, हा समज खरा नाही. कोलंबियातील बोगोटा शहरी १९७८ मध्ये डॉ. एडगर रे यांनी उबदार पेट्यांच्या तुटवड्यावर उपाय म्हणून बाळाला मातेच्या उघड्या छातीशी सतत बिलगून ठेवण्याची पद्धत सुरू केली. हीच 'कांगारू माता निगा'. भारतासह पाच देशांत झालेल्या व २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १ ते १.८ किलो वजनाच्या बालकांना जन्मानंतर लगेच ही ऊब दिल्याने पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. वडील, आजी वा मावशी यांनाही बाळाला अशी ऊब देता येते.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती सेवेचे प्रशिक्षण दिले. वजन करणे, ऊब देणे, स्तनपानास साहाय्य करणे, जंतुदोष ओळखून औषध देणे ही कामे त्या करू लागल्या. तेथील नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आल्याचे १९९९ साली 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ पासून देशभरातील आशा कार्यकर्त्या याच धर्तीवर गृहभेटी देतात. रुग्णालयात प्रसूती झाल्यास या भेटी ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी असतात.

कुटुंबाने काय करावे?

बाळाला पहिले २४ तास अंघोळ घालू नये. टोपी व मोजे घालावेत. पहिला चीक फेकून न देता तासाभराच्या आत पाजावा. मध, गूळपाणी वा घुटी देऊ नये. बाळास ओढता येत नसल्यास आईचे दूध काढून स्वच्छ वाटी-चमच्याने द्यावे. नाळेला काहीही लावू नये. दूध न ओढणे, अंग थंड वा फार गरम लागणे, श्वास जलद चालणे, छाती आत ओढली जाणे, झटके येणे, हालचाल मंदावणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास बाळाला छातीशी धरूनच तातडीने रुग्णालयात न्यावे.

तथापि खरी निगा प्रसूतीच्या कितीतरी आधी सुरू होते. मुलीचे वेळेवर शिक्षण, योग्य वयात विवाह, गरोदरपणी लोहाच्या गोळ्या, नियमित तपासणी, विश्रांती व पोटभर जेवण या गोष्टी कुटुंबाच्या हाती आहेत. आपल्या घरातील गर्भवतीचे ताट सर्वप्रथम वाढले जाते का, हे प्रत्येक कुटुंबाने आजच पाहावे.