कुष्ठरोग, प्रतिकारशक्ती आणि न मिटणारा डोळा : आलापल्ली परिसराच्या संदर्भात

कुष्ठरोगाचा इतिहास सामान्यतः जंतूचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. 1873 मध्ये नॉर्वेच्या हान्सेन यांनी जंतू शोधला, 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली, 1983 मध्ये भारतात निर्मूलन कार्यक्रम आला. या मांडणीत चेहऱ्याच्या मज्जातंतूचा पक्षाघात नीट बसत नाही. तो घडविण्यात रुग्णाच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीचा वाटा मोठा असतो.

कुष्ठजंतूला शरीराचे त्वचेलगतचे, तुलनेने थंड भाग मानवतात. गालाच्या हाडावरून जाणारी चेहऱ्याच्या मज्जातंतूची शाखा अशीच वरवर असते. तिच्या आवरणपेशींत जंतू वर्षानुवर्षे निमूट राहतो. पुढे प्रतिकारपेशींनी त्याच्याविरुद्ध उठाव केला की त्या झटापटीत मज्जातंतूच सापडतो. तो सुजतो, आपल्याच वेष्टनात दबतो आणि पापणी मिटविणारा स्नायू लुळा पडतो. बेल यांच्या नावाने परिचित असलेल्या पक्षाघातात अर्धा चेहरा ओघळतो. येथे बहुधा डोळा तेवढा उघडा राहतो. बुबुळाची संवेदनाही गेली असल्यास कचरा गेलेला कळत नाही, व्रण होतो आणि दृष्टी जाते. मृत जंतूंच्या अवशेषांमुळे हा प्रक्षोभ औषधे पूर्ण झाल्यानंतरही उद्भवू शकतो. सहा महिन्यांच्या आत स्टेरॉईड सुरू झाल्यास मज्जातंतू सावरण्याची शक्यता अधिक असते.

ही मुदत आलापल्लीच्या पलीकडे फार अपुरी पडते. अहेरी, सिरोंचा, एटापल्ली व भामरागड येथे जाणारे रस्ते आलापल्लीतून फुटतात. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ उभारलेल्या आनंदवनाने, ज्यांचे व्यंग आधीच कायम झाले होते अशांना श्रम व प्रतिष्ठा दिली. हे कार्य निर्विवाद मोठे. पण व्यंग टळण्यासाठी वैद्यकीय मदत रुग्णाच्या वाटेवरच असावी लागते. हेमलकशाला 1973 मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तो या दृष्टीनेही पाहण्याजोगा आहे. (पापणीची दुर्बलता ओळखण्यास यंत्र लागत नाही, डोळे घट्ट मिटावयास सांगून पापणी हलकेच उघडून पाहणे पुरते.)

डिसेंबर 2005 मध्ये दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, हे उद्दिष्ट देशपातळीवर गाठले गेले. चंद्रपूर-गडचिरोलीत नवे रुग्ण त्यानंतरही आढळत राहिले. शिवाय औषधांचा क्रम संपताच रुग्णाचे नाव उपचाराच्या नोंदवहीतून कमी होते, आणि त्यानंतर ज्याची पापणी मिटेनाशी होते तो त्या प्रमाणात मोजला जात नाही.